सत्ता शोधायला बंदी

आमच्या कॉलेजचं इंटरनेट इतकं हळू होतं, की एखादं पान उघडायला टाकावं आणि मागच्या रानात कांदा लावून यावं. कांदा काढणीला आला की पानाचा वरचा अर्धा भाग दिसायला लागायचा. कुणी म्हणेल, ही वाढवून सांगते. हो, सांगते. घोडेगावच्या बाजारात जनावरांची दलाली करणाऱ्या माणसाची मी मुलगी आहे. आमच्या घरात गाय नुसतं दूध देत नाही, धारेला उशीर झाला तर ती स्वतः बादली शोधत ओट्यावर येते. सौद्याचा खरा आकडा आबा फक्त रुमालाखाली बोटं धरून सांगतात, आणि तोही एकाच माणसाला. तेव्हा पुढं जे लिहिलंय त्यातलं कांद्याचं हवं तर सोडून द्या. बाकीचं घडलं तसंच आहे. जिथं फारच खोटं वाटेल, तिथं तर ते शंभर टक्के खरं समजा.

मी राज्यशास्त्रात एम. ए. करत होते. कॉलेजच्या संगणकावर बसायचं तर आधी आपलं खातं उघडावं लागे, आणि खातं उघडताना पडद्यावर एक लांबलचक नियमावली येई. तिचं नाव 'स्वीकारार्ह वापर धोरण'. हे तीन शब्द तोंडात सुपारी धरून जो नीट म्हणून दाखवील त्याला मी आजही चहा पाजायला तयार आहे. सगळी पोरं ती नियमावली न वाचता खाली सरकवत आणि मान्य म्हणून मोकळी होत. मी ती वाचली. अख्खी वाचली. हुशार होते म्हणून नव्हे, पान उघडेपर्यंत दुसरं करायला होतं काय? दुसऱ्याच्या खात्यावरून काम करू नये. संगणकात स्वतःहून काही बसवू नये. नको ती पानं अडवणाऱ्या गाळणीला चकवा देऊ नये. वापरकर्त्याने स्वतःस अनिष्ट साहित्यापासून परावृत्त ठेवावे. ही मराठी ज्यानं केली त्याला मराठीपासून कुणी परावृत्त का ठेवलं नाही, असं मनात आलं, पण वाचलं मात्र सगळं. कॉलेज स्थापन झाल्यापासून ती वाचणारी मी पहिलीच असणार. ज्यांनी ती लावली होती त्यांनीही वाचली नव्हती, हे पुढं कळलं.

माझा लघुप्रबंध महिला सरपंचांवर होता. त्यासाठी पांढरीच्या पुलापलीकडच्या एका गावात मी सरपंचबाईंना भेटायला गेले. त्या धार काढत होत्या. मी वही काढून मोठ्या थाटात विचारलं, "ताई, गावात सगळे अधिकार तुमच्याकडं आहेत ना?"

"माज्याकडंच हायेत की," त्या म्हशीच्या पोटाआडून बोलल्या. "शिक्का माज्या पिशवीत असतो."

"मग निर्णय तुम्हीच घेता?"

"पिशवी कुनाच्या मोटरसायकलीला अडकवल्याली असती, ते बघ ना बाई."

बाहेर त्यांच्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, मोटरसायकल उभी होती आणि तिच्या हँडलला पिशवी लटकत होती. माझा प्रबंध तिथंच लिहून झाला म्हणा ना. राज्यशास्त्राची जाडजूड पुस्तकं अधिकार आणि सत्ता यांतला फरक सांगायला पानं न् पानं घेतात, बाईंनी तो एका पिशवीत बसवला. मी नाव ठरवून टाकलं: 'अधिकार तिचा, सत्ता कुणाची?' पुढं नेमकं हेच नाव माझ्या नरड्याला लागलं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या संगणकांवर मराठी अक्षरं उमटत नसत. ती उमटवण्याची सोय बसवावी, तर 'स्वतःहून काही बसवू नये' हा नियम आडवा येई. सांगून बसवून घ्यावी, तर सांगायचं कुणाला हेच कुणाला माहीत नसे. म्हणून आम्ही सगळे मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत ठोकत असू. एका दुपारी मी असंच ठोकलं, 'गावातील सत्ता'. एस, ए, टी, टी, ए. एरवी पेंगत चालणारा तो संगणक या वेळी असा दचकून उठला, की मीच मागं सरकले. पडदा लालभडक झाला. 'जुगारविषयक साहित्याचा शोध घेतल्यामुळे आपले खाते गोठवण्यात येत आहे.'

घोळ झाला होता तो असा. कॉलेजनं नवी गाळणी आणली होती. तिला निषिद्ध शब्द शिकवले होते, त्यात आकड्यांच्या जुगाराचा सट्टा होता. आता मराठीत सत्ता वेगळी आणि सट्टा वेगळा. निदान लिहिताना तरी वेगळा. पण इंग्रजी त आणि ट एकाच दाव्याला बांधते. त्यामुळे आमची सत्ता सट्ट्यात धरली गेली. शिवाय मी एकटी नव्हते. गणिताची एक पोरगी सत्तावीस लिहायला गेली आणि जुगारी ठरली. सत्तावन्न, सत्तर, सगळ्यांना बंदी. शेतीची पोरं मटका सिंचनाची माहिती काढायला गेली, मातीचा माठ झाडाच्या मुळाशी पुरतात ते, आणि अख्खी रांगच्या रांग लाल झाली. एकानं स्नेहसंमेलनाच्या जेवणाचा बेत शोधला. बी, ई, टी, म्हणजे इंग्रजीतली पैज. गेला तोही. त्या आठवड्यात आमच्या कॉलेजात जेवढे जुगारी निघाले तेवढे जिल्ह्यातल्या सगळ्या जत्रांत मिळून निघाले नसतील.

सुटकेचा मार्ग सोपा होता. संगणक विभागात छापील माफीनामा मिळे. 'मी जुगारविषयक साहित्य पाहिल्याची कबुली देत असून माझ्या गैरवर्तनाबद्दल दिलगीर आहे.' नाव भरा, सही करा, खातं त्याच दिवशी खुलं. पोरांनी चुरमुरे वाटावेत तशा सह्या वाटल्या. सत्तावीसवाली पोरगी तर रांगेत माझ्या पुढंच उभी होती. मी तिला म्हटलं, "अगं, तू जुगार खेळलीस का?"

"नाही गं."

"मग कबुली कशाची देतेस?"

"घाई आहे मला," ती म्हणाली. "गणितं सत्तावीसपर्यंत आलीत."

माझी पाळी आली. संगणक विभागाचे सर म्हणजे उंच, इस्त्रीचा शर्ट, आणि गळ्यात ओळखपत्र असं अडकवलेलं, की घरीही काढत नसावेत. त्यांनी मान वर न करता कागद पुढं सरकवला.

"सर, मी सट्टा नाही, सत्ता शोधत होते."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे खरंच तसं म्हणतायत, सर. तेच तर सांगतेय."

"हे बघ, मशीन खोटं बोलत नाही."

"खोटं कसं बोलेल, सर? त्याला त म्हणता येत नाही."

आता मात्र त्यांनी मान वर केली. प्रबंध जमा करायचा तो खात्यातूनच, कागदी प्रत चालत नाही, शेवटची तारीख जवळ आलीय, वर्ष वाया जाईल, असं सगळं त्यांनी एका दमात ऐकवलं. मग आवाज मऊ करून म्हणाले, "एक सही आहे गं. कोण वाचतंय?"

"मी वाचलं ना," मी म्हटलं, आणि कागद तसाच टेबलावर ठेवून बाहेर पडले.

मी तडक आमच्या विभागप्रमुख सरांकडं गेले. आयुष्यभर सत्तेवर व्याख्यानं दिलेला माणूस. सत्ता म्हणजे काय, ती कुठून येते, तिला प्रश्न का विचारायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकताना मागच्या बाकावरचा झोपाळूही मूठ आवळून बसायचा. माझं सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटलं. मग चष्मा काढून पुसला. मग हळूच म्हणाले, "देऊन टाक लिहून."

"सर!"

"अगं, मी पण दिलंय."

"तुम्ही? तुम्ही काय शोधलं?"

"सत्ताविभाजन," सर म्हणाले, आणि खिडकीबाहेरच्या बाभळीकडं बघत बसले.

निघताना त्यांनी आणखी एक सल्ला दिला. "आणि नावातला तो शब्दच काढ. सत्तेच्या जागी अधिकार घाल. वादच नको."

मी जिना उतरता उतरता ते म्हणून बघितलं. 'अधिकार तिचा, अधिकार कुणाचा?' सरपंचबाईंची पिशवी, मोटरसायकल, हँडल, सगळं गेलं. नुसती म्हैस उरली.

इकडं मी सही करत नाही म्हटल्यावर संगणकवाल्या सरांनी नियमाप्रमाणे पालकांना फोन लावला. वार शुक्रवार. शुक्रवारी घोडेगावच्या बाजारात आबांना फोन लावणं म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीत कुणाच्या कानात मंत्र सांगणं. एका बाजूला गायी हंबरतायत, दुसऱ्या बाजूला टेम्पोवाला मागं घेताना शिट्टी वाजवतोय, आबांचा एक हात रुमालाखाली कुणाच्या तरी बोटांत. सरांनी शुद्ध पुस्तकी मराठीत सांगितलं, की आपली कन्या सट्ट्यात सापडली आहे. आबांना पोचलं ते एवढंच, की कॉलेजातून साहेबांचा फोन होता आणि पोरगी सत्तेत आली.

संध्याकाळी आबा पेढे घेऊनच घरी आले. नुसते आले नाहीत, वाटेतल्या प्रत्येक ओट्यावर थांबत, वाटत वाटत आले. "कॉलेजात निवडून आली. मोठ्या साहेबांनी सोता फोन केला व्हता!" आमच्या गावात आनंद झाला की माणूस आधी फ्लेक्स छापतो आणि मग कारण विचारतो. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर चौकात माझा फोटो, हात जोडलेला, बारावीच्या निरोप समारंभातला, आणि खाली 'हार्दिक अभिनंदन'. भोवती शुभेच्छुकांचे एवढे चेहरे, की त्यातले निम्मे मला आजही ओळखता येणार नाहीत. एक तर पलीकडच्या तालुक्यातला असावा.

मी आबांना घरात ओढून नेलं. आई चुलीपुढं होती.

"आबा, सत्ता नव्हे. सट्टा."

आबांच्या तोंडात पेढा होता. तो तिथंच थांबला.

"खेळलीस?" आईनं विचारलं. हातातलं उलथणं तसंच वर.

"नाही."

"मग?"

मी सगळं सांगितलं. त आणि टचं सांगितलं, लाल पडद्याचं सांगितलं, एक सही केली की मिटतंय हेही सांगितलं. आबांनी पेढा गिळला.

"मग दे की करून. तारीख गेली तर वरीस जातंय. बाजारात आमी रोज इतकं खोटं बोलतो, काय बिगडतं?"

"तुम्ही तोंडी बोलता, आबा. कधी लिहून दिलंय?"

"लिहून?" आबा असे दचकले, जणू मी शिवीच दिली. "लिहून कसं देईन? बोललेलं वाऱ्यावर जातंय, लिहिल्यालं ऱ्हातंय. वय कमी दाखवाया चार दातांच्या बैलाला दोन दाती म्हनीन मी, पन सई न्हाई करायचा."

"मग मी कशी करू?"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "आन् उद्या सोयरीक घेऊन येनाऱ्यानं इचारलं, पोरगी जुगारी हाय का, तर? हिनं सोताच्या हातानं लिवून दिल्यालं. मग कुनाचं तोंड धरायचं?"

आबांनी बराच वेळ कपाळावरची टोपी मागंपुढं केली. शेवटी म्हणाले, "न्हाई करायची सई. वरीस गेलं तर गेलं. आन् त्यो फ्लेक्स ऱ्हाऊ दे तसाच. ज्यानं छापला त्याला उगं वाईट नको वाटाया."

जमा करायच्या शेवटच्या दिवशी मी सकाळीच प्राचार्यांच्या केबिनसमोर जाऊन बसले. आत बोलावलं तेव्हा तिथं संगणकवाले सर होते आणि भिंतीला टेकलेले आमचे विभागप्रमुखही होते. सुनावणी म्हणे. प्राचार्य तसे गोड माणूस. समोरच्याला चहा विचारतात आणि तो यायच्या आत त्याला वाटेला लावतात.

"बाळ, माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले. "यंत्रणा आहे ती. नियम आहे. तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, सही कर."

"सर, कॉलेज तुमचं, गाळणी तुमची, आणि तुमच्या हातात काही नाही?"

"अधिकार आहे गं, पण..." ते म्हणाले आणि पुढचा शब्द त्यांना सापडेना. मला सापडला होता, पण त्यावर बंदी होती.

मी म्हटलं, "सर, तुमचा विश्वास नसेल तर तुम्ही स्वतः लिहून बघा. लोकशाहीत सत्ता कुणाची, एवढं विचारा."

"त्यात काय," असं म्हणत प्राचार्यांनी आपला संगणक पुढं ओढला. संगणकवाले सर "सर, सर, नको" म्हणेपर्यंत दोन बोटांनी ठोकून झालं होतं. केबिनमध्ये एकदम लाल उजेड पडला. प्राचार्यांच्या चष्म्यावर, मागच्या ढालींवर, चांदीच्या समईवर, सगळीकडं लाल. मी शपथेवर सांगते, कोपऱ्यातली पाल आल्या पावली परत गेली. आमच्या विभागप्रमुखांना खोकला आला. तो रुमालात बराच वेळ टिकला.

"हे काय आहे?" प्राचार्यांनी विचारलं.

"आपलं खातं गोठलं, सर," संगणकवाले सर म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. "आता नियमाप्रमाणे... म्हणजे माफीनामा..."

"मी? मी लिहून देऊ, की मी जुगार खेळलो?"

"छापील असतो, सर," मी म्हटलं. "फक्त नाव भरायचं. घाई असली की वाचतसुद्धा नाहीत कुणी."

प्राचार्य माझ्याकडं असे बघत राहिले, की मला वाटलं, आता वर्ष गेलंच. पण ते उठले आणि गाळणी विकणाऱ्या कंपनीला त्यांनी स्वतः फोन लावला. पलीकडून एक बाई बोलत होत्या. त्यांचं पालुपद एकच, 'वापरकर्त्याचा माफीनामा चढवा.' मग आमच्या प्राचार्यांनी जे व्याख्यान दिलं ते कॉलेजच्या मैदानापलीकडच्या टपरीवरही ऐकू गेलं म्हणतात.

"मॅडम, तलवारीतला त! त! टरबुजातला ट नव्हे! नाही, टरबूज नको आहे! सत्ता, सत्ता! अहो, सरकार असतं ना सरकार? नाही, सरकारी लॉटरी नाही!"

दाराबाहेर शिपाईमामा, कारकून, पोरं असे सगळे जमले. कुणीतरी बातमी पसरवली, की प्राचार्य फोनवरून सरकार पाडतायत.

पलीकडच्या बाई शेवटी म्हणाल्या, की तो शब्द यादीतून निघेल, पण वेळ लागेल. प्राचार्यांनी फोन खाली ठेवला. संगणकवाल्या सरांनी खिशातून कसलीशी चावी काढून संगणकात खुपसली, आणि प्राचार्यांचं खातं चहा यायच्या आत उघडलं. माफीनामा नाही, कबुली नाही, दिलगिरी नाही.

"आणि माझं?"

"तुझं जुनं प्रकरण आहे. त्याची नोंद वर गेलीय," संगणकवाले सर म्हणाले. "असं कर, नावात शब्द बदल, नाहीतर उघडून दिलं तरी जमा करताना पुन्हा गोठेल."

"नाही."

"मग स्पेलिंगमधला एक टी काढ. गाळणीला कळणार नाही."

"गाळणीला चकवा देऊ नये, असा नियम आहे, सर."

"कुठं आहे?"

"तुमच्याच नियमावलीत. शेवटून दुसऱ्या पानावर."

प्राचार्य मधे पडले. "बरं, माझ्या खात्यातून पाठव. मी परवानगी देतो."

"दुसऱ्याच्या खात्यावरून काम करणं हा तर फार मोठा गैरवापर, सर. त्यात खातं देणारा आणि घेणारा दोघंही दोषी, असं लिहिलंय. एका दिवसात तुमच्याकडं दोन-दोन माफीनामे मी कशी मागू?"

आमच्या विभागप्रमुखांचा खोकला परत सुरू झाला. या वेळी त्यांनी रुमाल लावला नाही. मग ते भिंतीपासून सरळ झाले आणि, देव त्यांचं भलं करो, म्हणाले, "सर, मुलगी बरोबर बोलतेय. माझा माफीनामाही मला परत हवाय." आवाज थोडा कापला, पण बोलले.

मी खुर्चीत आणखी मागं सरकून बसले. जनावर बाजारात बसलं की चार माणसं लागतात उठवायला, हे मी लहानपणापासून बघितलंय. तिथं तिघेच होते.

"त्या बाईंना परत फोन लावा," प्राचार्य संगणकवाल्या सरांना म्हणाले. "शब्द आत्ता काढायला सांगा, माझ्या नावावर. आणि हिचं खातं उघडा."

शब्द निघाला. दुपार कलली होती. माझं खातं उघडायला घेतलं, तर पडद्यावर आणखी एक चौकट आली. 'माझ्याकडून नियमभंग झाला आहे.' खाली दोन बटणं. 'मान्य आहे' आणि 'मान्य नाही'.

"दाब आणि सूट," संगणकवाले सर म्हणाले.

"दाब गं बाळ," प्राचार्य म्हणाले. "ते असंच असतं. आम्ही सगळे दाबतो."

"दाब, आता तारीख बघ," आमचे सरही म्हणाले. त्यांचा धीर एका दिवसाला पुरेल एवढाच होता, आणि तो मघाशी खर्च झाला होता.

मी 'मान्य नाही'वर बाण नेला.

"अगं, अगं, ते नको!" संगणकवाले सर ओरडले. "ते आजपर्यंत कुणीच दाबलं नाही!"

"दाबल्यावर काय होतं?"

"माहीत नाही! कुणीच दाबलं नाही ना!"

तिघंही माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. दाराच्या फटीतून शिपाईमामांचा एक डोळा. मला आत कुठंतरी वाटत होतं, की खातं कायमचं जाईल, प्रबंध जाईल, कदाचित जिल्ह्याची वीजही जाईल. चौकातला माझा तो हात जोडलेला फ्लेक्स डोळ्यांपुढं आला, आणि मला त्या फोटोचा असा काही राग आला, की बोट आपोआप दाबलं गेलं.

काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही. चौकट मिटली आणि माझं खातं उघडलं. ज्यानं ते बटण बनवलं होतं त्यानं त्याच्यामागं काही बांधलंच नव्हतं. कुणी तिकडं जाईल असं त्याला वाटलंच नसावं.

मी प्रबंध चढवला. 'अधिकार तिचा, सत्ता कुणाची?' एस, ए, टी, टी, ए, त्याच स्पेलिंगनं. नेहमीप्रमाणे गोल गोल फिरत राहिलं. संध्याकाळची एसटी गेली, तरी फिरत होतं. प्राचार्यांनी सगळ्यांना दुसरा चहा मागवला, आणि या वेळी तो प्यायला थांबूही दिलं. अंधार पडायच्या आत 'जमा झाले' असं हिरव्या अक्षरांत आलं. संगणकवाले सर एकटेच बटणाकडं बघत बसले होते. त्यांनी विचारलं, "तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम एका जुगारी पोराच्या मागं उभं राहून त्याचं खातं उघडताना बघितलं. चौकट तीच होती. खाली आता एकच बटण होतं, 'मान्य आहे'. दुसरं काढून टाकलं होतं. मी तिथल्या तिथं प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहिला, की काढलेलं बटण परत बसवावं. उत्तर आलं नाही. माझा निकाल लागला, मी पास झाले, कॉलेज सुटलं. तरी नगरला कामाला गेले की वाकडी वाट करून मी तिथं जाते आणि माझ्या अर्जाचं काय झालं ते विचारते. संगणकवाले सर मला लांबून बघूनच केबिनचं दार लावून घेतात. मी बाहेरच्या बाकावर बसते. चहा छान मिळतो तिथं.